हुरड्याचा नाताळ

आमचे बाबा कधी चुकत नसत. चहात साखरेऐवजी मीठ पडलं, तर "घशाला चांगलं असतं" म्हणत ते तो कप संपवत, आणि जयपूरला लागून असलेल्या झालान्याच्या जंगलात वाट हरवली, की "मुद्दामच इकडनं आणलं, या अंगाला मोर जास्त" असं म्हणून आम्हाला आणखी तासभर चालवत. त्यांचा हा 'मुद्दाम' आमच्या घरात इतका मुरला होता, की माझा धाकटा भाऊ अजय गणितात नापास झाला तेव्हा त्यानंही प्रगतिपुस्तक पुढं करत "मुद्दाम केलं, बाबा" असं सांगून पाहिलं. त्याचा मुद्दाम चालला नाही. तो हक्क फक्त घरातल्या कर्त्या माणसाला होता. मला तर दहाव्या वर्षापर्यंत खरोखर वाटायचं, की चूक ही गोवरासारखी लहान मुलांना होणारी गोष्ट आहे, मोठं झालं की ती होत नाही.

बाबा रेल्वेत सिग्नलच्या खात्यात होते आणि बदली होऊन आम्ही सोलापूरकडून थेट जयपूरच्या रेल्वे कॉलनीत येऊन पडलो होतो. सोलापूरच्या माणसाला थंडी म्हणजे पहाटे अंगावर ओढायची एक चादर. इथली थंडी दिवाळी संपली की दारात येऊन बसायची आणि होळीपर्यंत उठायची नाही. पहाटे धुकं इतकं दाट असे, की शंटिंगच्या इंजिनाची शिट्टी अगदी खिडकीतून आल्यासारखी वाटायची आणि इंजिन मात्र दिसायचं नाही. पाण्याच्या टाकीवर मोर ओरडायचे, मग कुठून तरी टिटवी सुरू व्हायची, मग आईची रजईतली हाक, "विजू, ऊठ की. शेगडी पेटवली हाय." नऊच्या सुमाराला ऊन अंगणात उतरलं की कॉलनीतल्या सगळ्या खाटा बाहेर येत आणि त्या खाटांवर आमचं सगळं आयुष्य चाले. अभ्यास, वेण्या, मटार सोलणं, भांडणं, संत्री. आज माझ्या फ्लॅटला गॅलरी आहे, ती पूर्वेला आहे असं बिल्डरनं शपथेवर सांगितलं होतं, पण तिथं ऊन येतं ते फक्त कपडे वाळवण्यापुरतं. माणसाला वाळवणारं ऊन मी जयपूरलाच ठेवून आले.

आईची खरी काळजी थंडीची नव्हती, पिठाची होती. जूनमध्ये गावाहून येताना ती ज्वारीच्या पिठाचा एक पत्र्याचा डबा ट्रंकेएवढ्या मानानं गाडीत चढवून आणायची. डिसेंबर आला की तो डबा तळ दाखवायला लागे. मग आई भाकरी लहान करायची, मग पातळ करायची, मग रविवारपुरती करायची, आणि शेवटी एक दिवस ताटात बाजरीची भाकरी येई. बाबा ती मुकाट्यानं खात, शेंगाचटणी आणि तेल घालून खात, पण खाताना त्यांना हटकून हुरडा आठवायचा. लहानपणी त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतात राखणीला होते. थंडीत शेताचा मालक पाहुणे घेऊन हुरड्याला यायचा, तेव्हा आगटी पेटवायची, कणसं भाजायची, चोळून गरम दाणे पाहुण्यांच्या पुढं ठेवायचे, हे सगळं बाबा आणि आजोबा करत. पाहुणे गेल्यावर उरलेला हुरडा यांचा. "गूळभेंडी ज्वारीचा हुरडा," बाबा म्हणायचे आणि घास तसाच हातात राहायचा, "एकदा तरी आपण बोलवून लोकांना घालायचा बघ." आई म्हणायची, "आधी हातातला खा की."

कॉलनीतला नाताळ हा आम्हा सगळ्या पोरांचा सण होता, आणि तो फिलोमिना सिस्टरच्या क्वार्टरमध्ये व्हायचा. सिस्टर रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होत्या, मूळच्या केरळच्या, आणि त्यांचा सहा वर्षांचा मुलगा बॉबी आमच्या टोळीतला सगळ्यांत लहान. त्यांच्या अंगणात पेरूचं झाड होतं, त्याला चांदीच्या कागदाच्या पट्ट्या, जुने बल्ब आणि इंजेक्शनच्या रिकाम्या डब्या टांगल्या जायच्या आणि खाली केक कापला जायचा. आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारच्या घरात हनुमानजी, त्याच्या पलीकडच्या घरात गुरू नानक. पण केकच्या वेळी आम्ही सगळे एका रांगेत. त्या वर्षी मात्र सिस्टरना पंचवीस तारखेला दिवसभराची ड्यूटी लागली. बॉबीनं ही बातमी आम्हाला आमच्याच खाटेवर बसून, नाक ओढत सांगितली. "मम्मी नहीं है तो क्रिसमस भी नहीं है," तो म्हणाला.

बाबा शेजारी दाढी करत बसले होते. त्यांनी वस्तरा खाली ठेवला, अर्ध्या तोंडाला फेस तसाच, आणि जाहीर केलं, "किसने बोला नहीं है? इस साल का क्रिसमस खेत में. सब बच्चा लोग चलो. मैं तुमको हुरडा खिलाऊँगा."

"हुरडा क्या होता है, अंकल?"

"केक का बाप होता है," बाबा म्हणाले, आणि बॉबीनं नाक ओढायचं थांबवलं.

जागाही त्यांनी लगेच ठरवून टाकली. त्यांच्या हाताखाली रामकरणजी नावाचे खलाशी, म्हणजे रेल्वेतले मदतनीस होते, त्यांचं शेत जयपूरजवळच्या चौमू गावाच्या अलीकडे. बाबांनी त्यांना विचारलं, "आप खेत में ज्वार लगाते हो?" रामकरणजी म्हणाले, "हर साल लगाते हैं, साहब." साहेब पोरांना घेऊन शेत बघायला येतो म्हणाल्यावर त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी पुढं काही विचारलं नाही, आणि बाबांनीही नाही. आईनं तेवढं म्हणून पाहिलं, "इकडं आत्ता ज्वारी असती का? नीट विचारलंय का?" बाबा म्हणाले, "विचारलंय." संपला विषय.

पुढचे दहा दिवस मी कॉलनीत हुरड्याची जाणकार म्हणून मिरवले. खरं तर मी हुरडा चार वर्षांची असताना एकदाच खाल्ला होता आणि मला त्यातलं फक्त तोंड भाजल्याचं आठवत होतं. पण अकरा पोरांना खाटेवर बसवून मी कणीस कसं धरायचं, कसं चोळायचं, दाण्यावर फुंकर कुठून मारायची, हे एका झाडूच्या काडीवर शिकवलं. हुरडा खाल्ल्यावर दोन दिवस थंडी वाजत नाही, असंही सांगितलं. एकदा म्हणायला लागलं की माणूस थांबत नाही, म्हणून हुरडा खाल्लेल्या माणसाला झालान्यातला बिबट्याही धरत नाही, इथपर्यंत गेले. अजय माझ्याकडे बघून म्हणाला, "मतलब, आपण झालान्यात जाताना रोज का नाही खात?" त्याला मी चिमटा काढला.

घोटाळा झाला तो तेवीस तारखेला. रामकरणजींची मुलगी विमला माझ्याच वर्गात होती. सुट्टीला आजीकडे शेतावर गेली होती ती त्या दिवशी परत आली. मी तिला मोठ्या ऐटीत हुरड्याचा पाठ देऊ लागले. तिनं झाडूची काडी हातात घेतली, फिरवून बघितली आणि म्हणाली, "पर ज्वार तो दिवाली से पहले ही कट जाती है. हमारे यहाँ तो डांगर खाते हैं." डांगर म्हणजे तिकडं गुरं.

"एक भी नहीं बची?"

"बची है ना. सूखी कड़बी. तू खाएगी?"

विमलाला शेतातलं सगळं कळत होतं, ती खोटं बोलत नव्हती. आता हे बाबांना सांगायला हवं होतं. ते आतल्या खोलीतच होते, सूप झाडून बघत होते. हुरडा पाखडायला त्यांनी आईचं सूप आधीच ताब्यात घेतलं होतं. मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले. सांगितलं तर सहल रद्द होणार, ही एक भीती. अकरा पोरं मला 'बिबट्यावाली' म्हणून चिडवणार, ही दुसरी. आणि तिसरी खरी, बाबा ओरडणार. बाबांचा आवाज सिग्नलच्या केबिनमधून यार्डापर्यंत जाणारा होता आणि घरात तो तेवढाच लागायचा. शिवाय बाबा चुकत नाहीत. ते म्हणाले ज्वारी आहे, तर उद्या-परवात कदाचित उगवेलही. मी विमलाला गाठलं आणि गप्प बसण्याबद्दल वाटीभर शेंगाचटणी देऊ केली. तिनं ती उभ्या उभ्या नुसतीच खाल्ली, हाय-हुय करत पाणी प्यायली आणि गप्प बसली.

पंचवीसला सकाळी आम्ही चौमूच्या बसमध्ये चढलो. बाबा पुढं, माकडटोपी, गळ्यात मफलर, हातात सूप. कंडक्टरनं सुपाकडे बघून विचारलं, "साहब, ब्याह में जा रहे हो क्या?" बाबा म्हणाले, "उससे बड़ा काम है." खिडकीबाहेर धुकं हळूहळू वर उठत होतं आणि खालून मोहरीची पिवळी शेतं निघत होती. पोरं गाणी म्हणत होती, विमलाही त्यांच्यात होती. बॉबीनं घरून चांदीच्या कागदाचा तारा आणला होता, तो त्यानं स्वेटरच्या आत पोटाशी धरला होता आणि दर पाच मिनिटांनी गळ्यातून आत डोकावून तो आहे ना ते बघत होता. मी मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात देवाला, बुद्धाला आणि बॉबीच्या येशूला, तिघांनाही, थोडीशी ज्वारी मागत होते.

रामकरणजी सडकेवर उभेच होते. बांधावरून चालताना दवानं आमचे बूट भिजले. पोरं मोहरीत शिरली ती कमरेपर्यंत पिवळी होऊन बाहेर आली. एक नीलगाय उभी राहून आमच्याकडे बघत होती, तिच्यामागे अजय निम्मं शेत धावला. मटार होते, गाजरं होती, मुळे होते, गव्हाची हातभर हिरवळ होती. बाबा सगळं बघून "वा, वा" म्हणत होते, पण त्यांचे डोळे दूरवर काहीतरी उंच शोधत होते. ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते. त्या सपाट रानात बाबांच्या गुडघ्यावर जाणारं पीक फक्त मोहरीचं होतं.

"रामकरणजी, ज्वार किधर है?" शेवटी त्यांनी विचारलं.

"बाड़े में है साहब, आइए," म्हणत रामकरणजींनी आम्हाला घरामागे नेलं. तिथं वाळलेल्या कडब्याची मोठी गंजी रचलेली होती, आणि शेजारी त्यांची आई बकरीला चारा टाकत होती. बाबांनी गंजीतली एक काडी उपसली. ती कडकन मोडली. आजीनं त्यांच्याकडे बघून शांतपणे सांगितलं, "जंवार तो कद की ही कटगी साब. अब तो कड़बी छै."

अकरा पोरं रांगेत उभी राहिली होती. मी शिकवल्याप्रमाणे त्यांनी तळहात पुढं केले होते. बॉबीनं विचारलं, "अंकल, हुरडा किधर है?"

बाबांनी माकडटोपी काढली. मला त्यांच्या तोंडावर तो 'मुद्दाम' येताना दिसला. "वो क्या है बेटा, मैंने जानबूझकर..." ते म्हणाले, आणि थांबले. बॉबी मान वर करून बघत होता, त्याचे हात अजून तसेच पुढं होते. बाबांनी काडी खाली टाकली आणि म्हणाले, "नहीं. जानबूझकर नहीं. मुझे मालूम नहीं था. हमारे गाँव में इस टाइम ज्वार होती है, मुझे लगा सब जगह होती होगी. मुझसे गलती हो गई, बच्चा लोग."

मला रडू फुटलं. पोरांना वाटलं हुरड्यासाठी रडते, आणि मी त्यांना तसं वाटू दिलं. रामकरणजी बिचारे हात जोडून "गलती हमारी है साहब, हमने पूछा नहीं" म्हणायला लागले, बाबा "नहीं नहीं, मेरी" म्हणायला लागले, आणि दोघंही त्या एका चुकीवर हक्क सांगत उभे राहिले. आजीला त्यात काही रस नव्हता. तिनं बॉबीच्या पसरलेल्या हातात मूठभर भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या आणि बाबांना म्हणाली, "टाबर भूखा छै. थे बातां करो छो." पोरं उपाशी आहेत आणि तुम्ही गप्पा मारताय, एवढा त्याचा अर्थ होता, आणि तो बाबांना बरोबर लागू पडला.

मग बाबांनी मफलर कमरेला बांधला आणि कुदळ मागितली. त्यांनी आगटीचा खड्डा खणला, अगदी गावाकडच्यासारखा, गोवऱ्या रचल्या, वर त्याच कडब्याची मूठ पेटवून टाकली. आम्हाला हुकूम सुटला, मटारच्या शेंगा तोडा, गाजरं उपटा, बोरं काढा. शेंगा निखाऱ्यात भाजल्या, भुईमूग भाजला, कोवळी वांगी भाजली. गरम मटार सुपात पाखडून बाबा एकेकाच्या हातावर घालत होते. "पहले मेहमान," म्हणत होते आणि स्वतः खात नव्हते. आईनं बरोबर दिलेली शेंगाचटणी पाहून आजीनं "लहसुण छै?" विचारलं आणि नंतर वाटी परत दिलीच नाही. अजयनं कच्चे मटार इतके खाल्ले, की परतीच्या वाटेवर त्याला दोनदा मोहरीत जावं लागलं.

बांधावर बोराचं झुडूप होतं, बॉबीएवढंच उंच. त्यानं तारा स्वेटरमधून काढला आणि त्यावर ठेवला. दोऱ्याची गरजच नव्हती, काट्यांनी तो धरून ठेवला. मग पोरांनी मटारच्या शेंगा, मोहरीची फुलं, मोराचं एक पीस, केसांच्या रिबिनी, जे सापडेल ते त्या काट्यांत खोचलं. हात ओरबाडले, तरी पोरं थांबली नाहीत. बॉबीला आईनं शिकवलेली प्रार्थना अर्धीच येत होती, ती त्यानं दोनदा म्हणून पूर्ण केली. आम्ही डोळे मिटून उभे होतो, तेवढ्यात आजीची बकरी आली, फुलं खाल्ली, शेंगा खाल्ल्या आणि शेवटी तारा चावायला लागली. आम्ही बॉबीकडे बघत राहिलो. बॉबीनं थोडा विचार केला. "खाने दो," तो म्हणाला. "येशू पैदा हुआ तब ये लोग उधर थे. हम लोग तो नहीं थे."

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले होते, मांडीवर सूप. त्यांच्या अंगाला धुराचा वास येत होता. पुढच्या बाकावर बॉबी विमलाच्या खांद्यावर झोपला होता. मी बराच वेळ सुपाची कड नखानं उचकटत बसले आणि मग म्हणाले, "बाबा, मला माहीत होतं."

"काय?"

"ज्वारी नाहीये म्हणून. विमलानं सांगितलं होतं. परवाच."

बाहेर एक अख्खं गाव मागे गेलं. मग त्यांनी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ओरडला असता."

"ओरडलोच असतो," बाबा म्हणाले. त्यांनी माझं नख सुपावरून काढलं. "पोरांपुढं हात हलवत उभा राहिलो आज. तू सांगितलं असतंस तर निदान शेंगा तरी घरनं आणल्या असत्या. हे बघ विजू. मी ओरडीन. तरी सांगायचं."

"आणि ऐकलंच नाही तर?"

"तर परत सांगायचं. दुसऱ्यांदा जरा कमी ओरडीन."

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. सिस्टर ड्यूटीवरून येऊन आमच्याच ओट्यावर बसल्या होत्या, केकचा डबा घेऊन. आईनं दारातच विचारलं, "झाला का हुरडा?" बाबा चपला काढत म्हणाले, "नाही झाला. मी चुकलो. इकडं ज्वारी आधीच कापतात." आई बाबांकडे बघत राहिली, मग तिनं पुढं होऊन त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

मी त्यांचा शब्द धरून ठेवला. अकरावीत रसायनशास्त्रात नापास झाले, ते निकालाच्या आदल्या दिवशी सांगितलं. ओरडले. लग्न माझ्या मनानं करणार आहे, हे सांगितलं. ओरडले, मग दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा जरा कमी ओरडले आणि मुलाचा पगार विचारला. निवृत्तीनंतर त्यांनी स्कूटर चालवू नये, हे आम्हा भावंडांत सांगायला कुणी तयार होईना, तेव्हा अजय म्हणाला, "ताई, तुझं खातं आहे ते," आणि मी सांगितलं. त्या दिवशी गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

चार वर्षांपूर्वी बाबा दवाखान्यात असताना डॉक्टरांनी मला बाहेर बोलवून, आता फार दिवस नाहीत, असं सांगितलं आणि म्हणाले, पेशंटला इतक्यात कळू देऊ नका, त्यांच्यात ताकद नाही. अजयचंही तेच म्हणणं होतं. मी आत गेले, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि बाबांना सगळं सांगितलं. ते ओरडले. तेवढा आवाज त्यांच्यात उरला असेल असं त्या मजल्यावर कुणालाच वाटलं नव्हतं.